चिचटोलीचे आठ दिवस आणि माझी एक वाकडी ओळ

गावात जाऊन राहायचं, हे मी गेली अकरा वर्षं म्हणतोय. ट्रॅफिकमध्ये म्हणतो, पाण्याचा टँकर आला नाही की म्हणतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर हमखास म्हणतो. आमच्या मंजिरीने, म्हणजे बायकोने, ते इतक्या वेळा ऐकलंय की मी नुसतं "गावात" म्हणालो की "एक विहीर, दोन गाई, आंब्याचं झाड" हे पुढचं ती स्वतःच म्हणून टाकते. जुलैच्या शेवटी मात्र ती वैतागली.

"आठ दिवस राहून दाखव," म्हणाली. "नुसतं राहून. मग विहीर खणू."

आमच्या ऑफिसात प्रणाली नावाची मुलगी आहे, भंडाऱ्याजवळच्या चिचटोलीची. तिला विचारलं. ती म्हणाली, "सर, माझ्या आईकडे राहा. भंडाऱ्याहून नऊ किलोमीटर, घर मोठं, जेवण उत्तम. फक्त आईच्या कामात हात घालू नका." मी पहिलं वाक्य ऐकलं आणि तिकीट काढलं. शेवटचं वाक्य त्याच वेळी ऐकलं असतं, तर हा लेख फार छोटा झाला असता.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: पुण्याहून कोल्हापूर-गोंदिया गाडी थेट जाते, पण तिला कसली म्हणून घाई नाही. शुक्रवारी रात्री बसलो ते शनिवारी संध्याकाळी उतरलो. डबा घरून न्या. आणि स्टेशनचं नाव भंडारा रोड असलं तरी ते भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. मी खिडकीतून भंडारा शोधत बसलो होतो. समोरच्या आजोबांनी "उतरा गा, नाही तं गोंदियाले पोचान" म्हणून अक्षरशः बॅगेसकट मला खाली ढकललं, त्यांचे आभार.

स्टेशनबाहेर प्रणालीचे वडील उभे होते. काका वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात आहेत. नुकतीच पाळी सुटली होती, त्यामुळे सगळा रस्ता मोटरसायकली आणि सायकलींनी भरलेला. काकांनी माझी बॅग त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधली. "तुमी आटोत या, ब्याग माह्यासंग येते," म्हणाले आणि निघाले. ऑटोवाला दहा माणसं झाल्याशिवाय हलेना. भाडं तीस रुपये, त्यात एका बाईंची कोंबडी माझ्या मांडीवर फुकट. मी चिचटोलीत पोचलो तेव्हा माझी बॅग अंगणात चहा पिऊन बसल्यासारखी आरामात बसलेली होती.

सुमनकाकू, म्हणजे प्रणालीची आई, दारात आल्या. "जय भीम. या, बसा." मी चपला काढून आत गेलो. मागे वळून पाहतो तर काकू माझ्या चपला उचलून भिंतीला समांतर लावतायत. मग त्यांनी मी दोरीवर टाकलेला टॉवेल काढला, दोन्ही टोकं जुळवली आणि पुन्हा टाकला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली तीन स्टीलचे डबे इतके सरळ रेषेत होते की मीही नकळत पाठ ताठ केली.

रात्री जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी. तिखट असं की मी तीन वेळा "छान आहे" म्हणालो आणि तिन्ही वेळा डोळ्यांतून पाणी आलं. काकूंना वाटलं मला घरची आठवण येतेय. त्यांनी आणखी भाजी वाढली.

रविवारी सकाळी या घरातली खरी भानगड कळली. काकूंचा मुलगा मिलिंद जवाहरनगरला नोकरीला आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो आणि दर रविवारी मोटरसायकलवर येतो. मुलगा चांगला आहे, येताना समोसे आणतो. समोसे संपले तसा विषय निघाला.

"आई, पऱ्ह्याले किती दिवस झाले?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका वाफ्यात दाट पेरतात, मग उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या चिखलाच्या वावरात, ओळीने लावतात. त्या लावण्याला रोवणा म्हणतात. चिचटोलीतल्या सगळ्यांचा रोवणा आटोपत आला होता, काकूंच्या दीड एकराचा सुरूच झालेला नव्हता.

"तेहेतीस," काकू म्हणाल्या.

"चाळीस झाले का बुढे होतात, मंग लावून फायदा नाही, हे तूच सांगते ना? मंग कधी लावशीन? आपल्या गावात बायांची टोळी एकच, अना ते शकुनबाईची. ते तुह्या वावरात पाय टाकत नाही."

"नको टाकू दे. मी लावतो एकटी."

"दीड एकर? एकटी?" मिलिंदने हात जोडले. "पाह्य, पुढच्या रविवारपर्यंत रोवणा झाला तं ठीक. नाही तं वावर मांगून राहिला त्या प्लॉटवाल्याले हो म्हणून टाकू. पडीक कायले ठेवाचं?"

"म्हणून टाक!" काकू तडकल्या आणि आत निघून गेल्या.

"हो ना बापा," काका म्हणाले. काका नेहमी शेवटी बोललेल्या माणसाच्या बाजूचे असतात. कारखान्यात पाळ्या करून त्यांनी एवढं शहाणपण मिळवलंय.

काकू आणि शकुनबाई यांचं काय बिनसलंय, ते मी काकांना विचारलं. गेल्या वर्षी रोवण्याच्या शेवटच्या दिवशी शकुनबाईची एक ओळ जराशी वाकडी लागली. किती वाकडी? काकांनी बोटाचं एक पेर दाखवलं. काकूंनी बावीस बायांसमोर ती ओळ उपटली आणि स्वतः पुन्हा लावली. शकुनबाई तीस वर्षं टोळी चालवतात. त्यांनी हातातली रोपांची पेंडी तिथेच चिखलात टाकली आणि बांधावरून चालत्या झाल्या. तेव्हापासून दोघी एका नळावर पाणी भरतात, पण बोलत नाहीत.

"वाकडी होती का पण ती ओळ?" मी विचारलं.

काकांनी आधी दाराकडे पाहिलं. "सुमनच्या हिशोबानं तं मीबी वाकडाच हावो," म्हणाले.

सोमवार माझ्या ग्रामीण जीवनाचा पहिला दिवस. नेटवर्क मिळणार नाही, मग तलावाच्या बांधावर उभं राहून काम करू, असं एक सुंदर चित्र मी डोक्यात रंगवून आलो होतो. चिचटोलीत नेटवर्क माझ्या फ्लॅटपेक्षा चौपट चांगलं निघालं. त्यामुळे ऑफिसचं काम टाळायला कारणच उरलं नाही. वर नऊ वाजेपर्यंत गाव रिकामं झालं. दूधवाले भंडाऱ्याला गेले, पोरं कॉलेजला, पोरी दुकानांत कामाला, बाकीचे वरठीला. ज्या गावात राहायला मी वीस तास प्रवास करून आलो, ते गाव रोज सकाळी उठून शहरात जातं! उरलो मी, दोन म्हशी आणि पारावरचे एक आजोबा. त्यांनी मला विचारलं, "तुमी काहून नाही गेले कामाले?" मी म्हणालो, माझं काम घरूनच असतं. ते बराच वेळ माझ्याकडे दयेने पाहत होते. दुपारी त्यांनी मला दोन पेरू दिले.

काकू मात्र पहाटेच वावरात जायच्या आणि एकट्या रोवायच्या. संध्याकाळी यायच्या तेव्हा कमरेला हात लावून उंबऱ्यावर बसायच्या. दिवसभरात किती झालं, हे त्या कोणी विचारल्याशिवाय सांगत नसत, आणि विचारायची हिंमत घरात कोणाला नव्हती.

मंगळवारी मी एक गोष्ट केली, ती मंजिरीलाही मी उशिराच सांगितली. प्लॉट पाहायला गेलो. रस्त्यावर बोर्ड होता, योजनेच्या नावात "ग्रीन" दोनदा होतं. गॉगल लावलेला एक तरुण मोटरसायकलवरून मला तिथे घेऊन गेला. समोर गुडघाभर पाणी, त्यात पांढऱ्या रंगाचे दगड डोकी वर काढून उभे.

"हा तुमचा प्लॉट, सर. इथं हॉल, इथं मास्टर बेडरूम."

मास्टर बेडरूममध्ये एक बेडूक बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि हॉलमध्ये उडी मारली.

"पावसाळ्यात थोडं ओलं राहते," तरुण म्हणाला.

पण खरं सांगतो, मला ती जागा आवडली. मागे तलाव, लांबवर जंगलाची रेघ, डोक्यावर बगळे. मी मनातल्या मनात विहिरीची जागा ठरवली, आंब्याचं झाडही लावून टाकलं. मग सहज विचारलं, शेजारी कोण येणार?

"शेजारी फेज टू, सर. पुढच्या आठवड्यात फायनल होऊन राहिलं." त्याने बांधापलीकडे बोट दाखवलं.

बांधापलीकडे निळ्या लुगड्यातली एक बाई वाकून एकटीच रोप लावत होती. मागे मागे सरकत. तिच्यापुढे जेमतेम खोलीएवढा हिरवा तुकडा होता आणि त्यातल्या ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. चपला समांतर लावणाऱ्या बाईला ओळखायला मला तोंड पाहावं लागलं नाही.

मला लाज वाटली. माझी विहीर मी ज्या योजनेत खणत होतो, तिचा पुढचा घास म्हणजे त्या घरचं वावर, आणि त्याच घरचं वरण मी तीन दिवस खात होतो. "बघू, कळवतो," असं म्हणून परत आलो. रात्री काकूंनी वाढलेली भाजी मी संपवली. तिखट लागली तरी "छान आहे" म्हणायचा धीर झाला नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला पांदणीने, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या रस्त्याने निघालो. मोबाईल चार्जिंगला, पाकीट घरी, अंगात पांढरा कुर्ता. (रोवण्याच्या दिवसांत भंडाऱ्याकडे जाणार असाल तर पांढरा कुर्ता नेऊ नका. हा या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे.) एका वावरात बऱ्याच बाया रोवत होत्या. मला पाहून त्यांच्यात काही कुजबुज झाली, मग एक जाडजूड, करारी चेहऱ्याची बाई चिखलातून बाहेर आली आणि तिने रोपांची एक पेंडी माझ्या पायाशी ठेवली.

"भोजारा द्या, भाऊ."

मला वाटलं, पाहुण्याचं स्वागत करतायत. आमच्याकडे नारळ देतात, इकडे रोपं देत असतील! मी भारावून वाकलो, पेंडी उचलली, छातीशी धरली आणि सगळ्यांना नमस्कार केला. मुळांना लागलेला पाव किलो चिखल कुर्त्यावरून सावकाश खाली उतरला.

बांधीत असा हशा पिकला की दोन बगळे उडाले.

"पेंडी नेवाले नाही ठेवली, बापा!" ती बाई पोट धरून म्हणाली. "भोजारा द्या लागते!"

मग कळलं. रोवणा चालू असताना जवळून जाणाऱ्याची वाट अडवून बाया चहापाण्यासाठी काहीतरी मागतात, तो भोजारा. दहावीस रुपये द्यायचे, चार थट्टा ऐकून घ्यायच्या आणि पुढे जायचं. आणि माझ्याकडे पाकीट नाही. तसं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मोबाईलवरून टाका ना." मोबाईलही नाही. मी चिखलाने माखलेला, हातात पेंडी, समोर बावीस बाया. अशा वेळी माणूस आयुष्यभर जे करत आला तेच करतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये नऊ वर्षं मी जे म्हणत आलोय तेच तोंडातून निघालं.

"अहो, असं काय! या की कधीतरी घरी जेवायला!"

"कधी?" करारी बाईने विचारलं.

लिफ्टमध्ये हा प्रश्न मला कधीच कोणी विचारला नव्हता. "कधीही या हो! घर आपलंच आहे!"

"मंग उद्या येतो. दिवस बुडता."

"या या, अवश्य या!" मी हसत म्हणालो. थट्टा चाललीय असाच माझा समज.

"कोणाच्या घरी उतरले, भाऊ?"

"सुमनकाकूंकडे."

सगळ्या जणी त्या बाईकडे बघू लागल्या. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्या कुर्त्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "येतोच मंग. सांगा तिले, शकुन येते म्हणून."

संध्याकाळी सगळे घरी आल्यावर मी ही सगळी गंमत म्हणून सांगितली. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"किती जणीले सांगतलं?"

"सगळ्यांनाच म्हटलं, म्हणजे आपलं बोलायचं म्हणून. बावीस असतील. पण त्या काही खरंच येणार नाहीत हो."

"काहून नाही येणार? तुमी बोलावलं ना?"

"अहो, आमच्याकडे असं म्हणायची पद्धत आहे. कोणी येत नाही."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एक वाकडी लागलेली ओळ आहे. "येत नाही, तं बोलावता कायले?"

अकरा वर्षं ग्रामीण जीवनावर बोलणारा मी त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागलो.

"शकुन येतो म्हणाली?" त्यांनी मग विचारलं. "माह्या घरी?" आणि सूप बाजूला ठेवून उठल्या. "काहो, कोहळा आणा. दोन आणा. बोंडं कराची हायेत."

"हो ना बापा," काका म्हणाले आणि सायकल काढली.

गुरुवारी मी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं आणि दिवसभर लसूण सोलला. चण्याच्या डाळीच्या पिठाच्या पाटोड्या थापल्या गेल्या, त्यांचा लालभडक रस्सा झाला, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात चढला. कोहळा किसून, गूळ आणि कणीक घालून त्याची बोंडं तळायची, ते काम काकूंनी कोणाला दिलं नाही. मी एक बोंड तेलात सोडून पाहिलं, ते अंडाकृती झालं. काकूंनी ते झाऱ्याने बाहेर काढलं आणि मलाच खायला दिलं. वाकड्या वस्तू घरात मी आल्यापासून माझ्याकडेच येत होत्या.

दिवस बुडायच्या सुमारास त्या आल्या. हातपाय धुऊन, धुतलेली लुगडी नेसून, बावीसच्या बावीस. अंगणात ताडपत्रीवर दोन रांगांत बसल्या. शकुनबाई टोकाला बसल्या. काकू वाढायला लागल्या आणि शकुनबाईंच्या ताटाशी आल्यावर दोघींनी एकमेकींकडे न बघता भात वाढला आणि वाढून घेतला. बाकीच्या बाया आवाज न करता चावत होत्या. एवढं शांत जेवण मी फक्त इन्कम टॅक्सवाल्या साडूंकडे जेवलोय.

पहिली बोंडं संपली, दुसरी आली. काकू विचारणार नव्हत्या आणि शकुनबाई आपणहून म्हणणार नव्हत्या, हे मला कळत होतं. परवा रविवार नाही, पण तेरवा आहे. पऱ्हे सदतीस दिवसांचे झालेले. मला राहवेना.

"शकुनबाई," मी ताडपत्रीच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "रविवारी काकूंचं वावर प्लॉटवाल्याकडे जाणार आहे. तुम्ही रोवलं नाही तर."

"तुमाले कोणी सांगतलं बोलाले?" काकू ओरडल्या. आईच्या कामात हात घालू नका, हे प्रणालीचं वाक्य मला त्या क्षणी लख्ख आठवलं.

शकुनबाईंनी हातातलं बोंड ताटात ठेवलं. "प्लॉटवाल्याले? हे वावर?" पहिल्यांदा त्यांनी काकूंकडे पाहिलं. "मले काहून नाही सांगतलं वो?"

"तू बोलत होती का माह्यासंग?"

"तू उपटली होती माही ओळ!"

"वाकडी होती!"

"एवढीशी!" शकुनबाईंनी बोटाचं पेर दाखवलं. काकांनी दाखवलं होतं तेवढंच. कोपऱ्यात काका हळूच "हो ना बापा" म्हणाले आणि दोघींनी एकाच वेळी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी आणायला गेले.

मग शकुनबाईंनी हात धुतला. "जेवलो आज तुह्या घरी. खाल्ल्या अन्नाले जागाच लागते. शनिवारी आमची सुट्टी, भंडाऱ्याच्या बाजाराले जाणार होतो. नाही जात. शनिवारी तुहा रोवणा करतो. पण एक अट हाये." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा भाऊ आमच्यासंग रोवते. पुरी एक ओळ. अना ते ओळ जशी लागल तशी राह्यल. तू हात नाही लावाचा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चपला, माझा टॉवेल आणि माझं ते अंडाकृती बोंड, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसलं.

"दुसरी काही अट सांग ना," त्या कळवळून म्हणाल्या.

"हेच."

"लाव म्हणा त्याले," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी आपटायला लागल्या.

शनिवारी सकाळी सातला मी काकांची हाफ पँट घालून बांधीत उतरलो. पहिल्याच पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि आतच राहिला. तो काढायला डावा रोवला, तर तोही गेला. दोन जणींनी काखेत हात घालून मला मुळ्यासारखा उपटला. काम दिसायला सोपं: डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताने दोन-तीन रोपं घ्यायची, चिखलात खुपसायची, वीतभर मागे सरकून पुन्हा. बायांची बोटं शिवणयंत्रासारखी चालत होती. मी तिसरं रोप लावेपर्यंत माझं पहिलं रोप पाण्यावर तरंगत शेजारणीकडे निघून गेलं होतं.

"भाऊ, तुमचा धान पुण्याले चालला!" ती ओरडली.

मी आधी चिखलाला दोष दिला, मग वाऱ्याला, मग शेजारणीच्या वेगाला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कोणीतरी धानाच्या बांधीतच काढली असणार. दहा वाजता माझी ओळ अर्धी होती आणि बायांची अर्धी बांधी हिरवी. दुपारी भाकरी खाताना मला उभं राहता येईना, म्हणून मी बांधावर पालथा पडून जेवलो. मंजिरीचा व्हिडिओ कॉल आला. कोणीतरी तिला मला दाखवलं. ती इतकं हसली की फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ ते हसू ऐकू येतंय असं वाटत होतं.

चारच्या सुमाराला माझी ओळ बांधाला टेकली. मी कंबर धरून मागे वळून पाहिलं. ती सरळ निघाली होती, मध्ये डावीकडे काही कामाला गेली होती, तिथून तिचा विचार बदलला होता आणि शेवटी ती शेजारच्या ओळीत जाऊन मिसळली होती. दोन ठिकाणी तर नुसतंच पाणी.

बाकीचं वावर झालं होतं. दीड एकर, सगळं. काकू बांधाबांधाने बघत आल्या आणि माझ्या ओळीशी थांबल्या. बावीस जणी कंबरा सरळ करून उभ्या राहिल्या. शकुनबाईंनी हाताची घडी घातली. काकू वाकल्या. त्यांचा हात माझ्या पहिल्या रोपापर्यंत गेला. दोन बोटांनी त्यांनी ते धरलंही. मला वाटलं, गेलं सगळं.

मग त्यांनी ते रोप जरासं दाबून घट्ट केलं आणि हात लुगड्याला पुसला.

"राहू दे," म्हणाल्या. आणि शकुनबाईंकडे न बघता, "तुही बरी होती वो याच्यापेक्षा."

"मंग!" शकुनबाई म्हणाल्या. आणि दोघी हसायला लागल्या. त्या हसल्या तशी सगळी बांधी हसली आणि मीही हसलो. डोळे भरून आले होते, पण तोंडावर इतका चिखल होता की ते कोणाला कळलं नाही.

रविवारी मिलिंद समोसे घेऊन आला आणि आधी वावर पाहून आला. मग म्हणाला, "आई, ते मधातली ओळ कोणी लावली? म्हशीनं?" मी हात वर केला. त्याने माझ्यासमोरच प्लॉटवाल्याला फोन लावला. "यंदा नाही जमत, भाऊ. पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी काय होईल, मला माहीत नाही. मीही त्या गॉगलवाल्याला माझा नकार कळवला. त्याने विचारलं, का सर? मी म्हणालो, बेडकाची बेडरूम आहे, त्याला विचारल्याशिवाय कसं घेणार.

आठ दिवसांचा माझा खर्च म्हणजे तिकिटं, ऑटो आणि एक कुर्ता. काकूंनी राहण्याजेवण्याचे पैसे घेतले नाहीत, वर विचारल्याबद्दल रागावल्या. निघताना शकुनबाई नळावर भेटल्या. जिभेच्या टोकावर "या कधीतरी पुण्याला" आलं होतं, ते मी गिळलं आणि भोजाऱ्याचे पन्नास रुपये दिले. आधीचे राहिले होते.

डिसेंबरमध्ये प्रणाली सुट्टीवरून आली तेव्हा तिने एक छोटी पिशवी दिली. काकूंनी माझी ओळ वेगळी कापली होती. एवढासा धान गिरणीत कोण घेणार, म्हणून उखळात कांडला होता. तांदूळ भरले अडीच वाट्या. सोबत निरोप होता: शकुन म्हणते, तो भाऊ येत असन तं पुढच्या रोवण्याले आमी पयले तुह्याच वावरात.

गावात राहायचं, असं मी हल्ली म्हणत नाही. आठ दिवसांत मला विहीर सापडली नाही आणि गाईही नाहीत. जे हाती लागलं ते दुसरंच, आणि ते लिफ्टमध्ये लक्षात आलं. चौथ्या मजल्यावरचे कुलकर्णी भेटले. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "या शनिवारी आमच्याकडे जेवायला या. दोघंही. साडेबाराला."

त्यांचा चेहरा पडला. "का हो? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

आले ते. बिचकत आले, सोबत फळं घेऊन, जसं आजाऱ्याला बघायला जातात. मंजिरीने अडीच वाट्यांतला दोन वाट्या तांदूळ लावला. अर्धी वाटी मी आठवण म्हणून ठेवायला सांगितली. कुलकर्णींनी दुसऱ्यांदा भात मागितला. "तांदूळ कुठला?" त्यांनी विचारलं.

"माझा," मी म्हणालो. मग ओळीची गोष्ट सांगितली. ते हसता हसता एकदम थांबले, दाताखाली खडा आला होता. "छे छे, काही नाही," म्हणाले आणि गिळून टाकला. माणूस सभ्य आहे, हे नऊ वर्षांत मला कळलं नव्हतं.

निघताना दारात एक बूट घालून दुसरा शोधत ते म्हणाले, "आता तुम्ही या एकदा आमच्याकडे."

"कधी?" मी विचारलं.

ते एका पायावर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मंजिरीकडे पाहिलं, स्वतःच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"रविवारी?" ते म्हणाले.